लंगड्या जीपचा माग

गोंबो म्हाताऱ्याच्या जीपचा, पुढची चाकं वळवणारा स्टिअरिंगचा दांडा कधीचा वाकलेला, त्यामुळे डावं चाक बर्फ खरवडत चालायचं. "लंगडी आहे तुझी घोडी," म्हणून शेजारी चिडवायचे. काल तो चुकलेले घोडे शोधायला गेला, तो परतलाच नाही.

गोबीच्या माळावर पातळ बर्फात साऱ्या वस्तीच्या गाड्यांचे माग एकमेकांत गुंतले होते, आणि वादळ जवळ येत होतं. शोधायला निघालेल्या मुलाच्या वाटेवर, प्रवास सुखाचा व्हावा म्हणून दूध शिंपडत गोंबोची म्हातारी म्हणाली, "घाबरू नकोस ओचिर. डाव्या चाकाने खरवडलेलं दिसेल, त्या मागाने जा. तेच तुझे बाबा."



ओचिर जागचा हलेना. सणाची भेट म्हणून परवाच त्याने तो दांडा गोवऱ्यांच्या जाळावर तापवून, ठोकून, गुपचूप सरळ केला होता.