आडवा धागा

पहिल्या कोटीचं आंशिक अवकल समीकरण तिसऱ्यांदा सोडवूनही वर्ग ढिम्म पाहून बिराजदार सर इरेला पेटले. निवृत्त होणाऱ्या प्राचार्यांना बारा वाजता पांघरायची नवीकोरी सोलापुरी चादर त्यांनी टेबलावर पसरली. "हा पृष्ठभाग म्हणजे उत्तर. एकेका धाग्यावरून चालत जायचं, की अख्खं उत्तर हाती येतं!" म्हणत त्यांनी सुटलेला आडवा धागा ओढला. "ओढू नका की, सर!" यंत्रमागवाल्यांची श्रावणी ओरडली. "मधे बोलू नकोस," म्हणत सर ओढतच राहिले. "उभे धागे वेगवेगळे असतात, सर, आडवा सगळा एकच!" सर थांबले तेव्हा वीतभर चादर त्यांच्या पायाशी गुंता होऊन पडली होती. "आता याचा परत पृष्ठभाग कसा करायचा?" त्यांनी पडेल आवाजात विचारलं. श्रावणीनं वडिलांना फोन लावला: "नाना, दुसरी चादर घेऊन या. सरांचं गणित उसवलंय."