खुर्च्या आल्या त्या दिवशी

दूध संघाच्या टेम्पोतून लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या उतरल्या, तेव्हा पॅकिंगमधल्या बायका नवी नवरी बघावी तशा त्या बघत राहिल्या. खुर्च्यांच्या पाठीवर मंडपवाल्याचं नाव होतं. संघाने त्या विकत घेतल्या नव्हत्या, एका दिवसापुरत्या भाड्याने आणल्या होत्या. संघाचा हात पहिल्यापासून तसा आखडताच.

बसायला काहीतरी द्या, ही मागणी वेणूबाईंची. यंत्रातून दुधाची पिशवी पट्ट्यावर पडते, बायका ती उचलतात, दाबून बघतात, गळत नसली की क्रेटमध्ये ठेवतात. हे सगळं उभ्याने, ओल्या फरशीवर, गमबूट चढवून, पहाटेपासून दुपारपर्यंत. वेणूबाईंच्या पायांना हल्ली सूज येऊ लागली होती. हात अजून झपाझप चालत होते, दगा दिला तो पायांनी. पाळी सुटली की हडपसरच्या गाडीतळावर बस थांबायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, आणि त्यावरून भांडायचीही तयारी ठेवायची, अशी त्यांची ख्याती होती. बिचारीला दिवसभरात टेकायला मिळायचं ते तेवढंच. असंच चाललं तर काम सोडावं लागणार, आणि काम सोडण्याच्या नुसत्या विचाराने त्यांना घास गोड लागत नव्हता.

बसलं की हात मंदावतात, असं मॅनेजरांचं मत. बऱ्याच घासाघिशीनंतर त्यांनी एक पाळी बसून काम करून दाखवायला सांगितलं. रोजच्याइतके क्रेट भरले तर कायमची सोय होणार होती. कमी भरले तर हा विषय पुन्हा काढायचा नाही, असं त्यांनी बजावलं होतं.

यंत्र सुरू झालं, बायका बसल्या, आणि घोटाळा सगळ्यांच्या एकदमच लक्षात आला. पट्टा होता उभ्या माणसाच्या कमरेइतका उंच, आणि खुर्च्या जेवणावळीच्या. वेणूबाई मुळात ठेंगण्या. पट्टा त्यांच्या हनुवटीशी आला आणि पिशव्या नाकासमोरून निघून जाऊ लागल्या. पट्ट्यापलीकडे वैष्णवीची नुसती टोपी दिसत होती. ती पोरगी खुदकन हसली, तिचं बघून बाकीच्या हसल्या, आणि तेवढ्यात पट्ट्याच्या टोकाशी पिशव्यांचा ढीग साचला.

सुपरवायझर कोंडीरामने यंत्र बंद केलं.

"पंगत तर छान बसली," तो म्हणाला. "वाढप्याला बोलवू का आता?"

हसू जागच्या जागी विरलं. खुर्च्या टेम्पोत चढवा, असं कोंडीराम गड्यांना सांगू लागला. वेणूबाईंनी एवढं भांडून मिळवलेलं अर्ध्या घटकेत हातचं जाणार होतं. त्या उठल्या आणि उगाच इकडेतिकडे बघू लागल्या. मागच्या भिंतीशी फुटक्या क्रेटचा ढीग होता. भंगारवाला येईल तेव्हा नेईल म्हणून ठेवलेला, वर्षानुवर्षं तिथेच पडलेला.

त्या तिकडे गेल्या. दोन क्रेट ओढले, एकावर एक पालथे घातले, वर पोत्याची घडी टाकली आणि बसल्या. पट्टा बरोबर कोपराशी आला. त्यांनी हलून बघितलं, पुन्हा हलून बघितलं. बूड पक्कं होतं.

"मावशी, ते भंगार आहे," कोंडीराम म्हणाला.

"मीबी भंगारातच चालले व्हते," वेणूबाई म्हणाल्या. "दोघांस्नी संगंच कामाला लाव."

कोंडीरामने यंत्र सुरू केलं.

मग काय विचारता. ढिगातले क्रेट भराभर निघाले, पोती आली, बायका आपापल्या आसनावर चढल्या. पायांचा विचार संपला तसे हात मोकळे सुटले. कुणीतरी लग्नातलं गाणं धरलं आणि यंत्राच्या खडखडाटातही ते सगळ्यांना ऐकू गेलं. वेणूबाईंनी तर पाय हळूहळू झुलवायलाही सुरुवात केली. वयाला शोभत नव्हतं, पण त्यांना त्याचं काही नव्हतं.

पाळी संपली तेव्हा क्रेट रोजच्यापेक्षा थोडे जास्तच भरले होते. मॅनेजर आले. त्यांनी वेणूबाईंचं आसन हाताने दाबून बघितलं, मग कोपऱ्यातल्या लाल खुर्च्यांकडे बघितलं.

"म्हणजे भाडं पाण्यात गेलं," ते म्हणाले. आणि जाता जाता, उद्यापासून हे असंच चालू द्या, असं कोंडीरामला सांगून गेले. कोंडीरामने एक लाल खुर्ची पुढे ओढली आणि तिच्यात अंग टाकलं. उभा तोही पहाटेपासूनच होता.

"मावशी, हे क्रेट तर रोज आपल्या पाठीमागेच होते की," गमबूट काढता काढता वैष्णवी म्हणाली.

"व्हते की. बस म्हननारं कुनी नव्हतं."

गाडीतळावर बस आली. वेणूबाईंनी सवयीने खिडकीतून रुमाल टाकला, गर्दीतून वाट काढली आणि जागा मिळवली. बसणार इतक्यात शेजारी उभी असलेली मुलगी त्यांना दिसली. अंगात कपड्यांच्या दुकानाचा गणवेश, दांडीला एक हात, आणि शरीराचा भार कधी या पायावर, कधी त्या पायावर. तसं उभं राहणं वेणूबाईंना चांगलं ओळखीचं होतं.

त्यांनी रुमाल उचलला.

"बस."

"अहो आजी, नको. तुम्ही बसा."

"बस गं पोरी," वेणूबाई दांडी धरत म्हणाल्या. "मी आज दिसभर बसूनच हाय."