फेट्याखालचा कान

मंगळवारी फेट्याच्या कडेखाली कानाची पाळी चार मिलिमीटर दिसत होती. सोमवारी ती अजिबात दिसत नव्हती.

फेटा बांधलेल्या पुरुषाच्या डोक्याचं ते सतराव्या शतकातलं, बरोक काळातलं तैलचित्र जर्मनीत हायडेलबर्गच्या आमच्या प्रयोगशाळेत तपासणीसाठी आलं होतं. एक्स-रे मीच काढला होता. त्यात फेट्याखाली कान रंगवलेलाच नव्हता.

माझा नवरा हृषिकेश नोकरी सोडून पुण्याला परतणार होता. “तू येतेस ना?” या त्याच्या प्रश्नाला मी आठ महिने “बघू” म्हणत होते. खरं उत्तर मी रोज या चित्रासमोर ओठांतल्या ओठांत म्हणून पाहायचे.

बुधवारी नऊ मिलिमीटर. गुरुवारी सतरा.

शुक्रवारी दुपारी हृषिकेशचा फोन आला. “आज तरी सांग बाई. की तुझ्या त्या फेटेवाल्याला विचारायचंय?”

मला हसू आलं. मी चित्राकडे पाहिलं. अख्खा कान उघडा होता, लालसर, आणि डोकं माझ्या बाजूला किंचित झुकलेलं होतं.

मी एक पाऊल मागे सरले. तरी मनात आलं, आठ महिन्यांत इतकं लक्ष देऊन माझं कुणी ऐकलं नव्हतं.

“थँक्यू,” मी हळूच म्हणाले.

“कुणाला?”

“हृषिकेश, मी येत नाहीये. मी इथेच राहणार आहे.”