पापनाशमचा थांबा

बॉनेट उघडून वेंकटरमण मिस्त्री आत वाकला आणि कल्याणराम दोन पावलं पुढे सरकला. मद्रासहून कंपनीनं धाडलेला माणूस. गाडी ज्या सालची, त्या सालच्या साऱ्या गाड्यांचा पेट्रोल पंप सदोष निघाला होता. इंजिनाला खेटून बसवलेला. तापला की पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी जागीच बसायची. शिवाय सांध्यातून पेट्रोल गळायचं. मदुरेकडे एक गाडी भर रस्त्यात पेटली, तेव्हा कंपनीनं हाय खाल्ली. आता गावोगाव पंप फुकट बदलून देत होती.

‘‘बदल बाबा, आत्ताच बदल,’’ बाळकृष्णराव वकील म्हणाले. गाडी त्यांची. पुतण्या कल्याणराम त्यांच्या हाताखाली वकिली शिकत होता आणि तंजावरहून कुंभकोणच्या कोर्टात रोज गाडी हाकत होता. त्या उन्हाळ्यात बॉनेटवर ठेवलेला अप्पळम, म्हणजे पापड, फुलायचा. काकांनी स्वतः फुलवून खाल्ला होता आणि मीठ कमी पडलं म्हणून गाडीला शिव्या घातल्या होत्या.

ती गाडी रोज बसायची पापनाशमच्या अलीकडे, वैद्यनाथरावांच्या दारात. वीतभर अलीकडे नाही, वीतभर पलीकडे नाही. मग आतून त्यांची मुलगी सुंदरी पाण्याचा पितळी कुडम कडेवर घेऊन येई. ओलं फडकं पंपावर घाली. पंप निवेपर्यंत ती एका अंगाला, कल्याणराम दुसऱ्या अंगाला, मध्ये उघडं बॉनेट. मागच्या सीटवर काका घोरत. साऱ्या उन्हाळ्यात कल्याणरामनं तिला धीर करून एकच प्रश्न विचारला होता. तुमचं गोत्र कुठलं? तिनं सांगितलं आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघत ती रोज फडकं पिळत राहिली. पुढचा प्रश्न जिभेवर येईतो पंप निवायचा.

कालच तिनं त्याला सांगितलं होतं, फडकं जरा जोरात पिळून, की शुक्रवारी ओरत्तनाडूचे पाहुणे तिला बघायला येणार आहेत. यावर कल्याणराम ‘बरं’ म्हणाला होता.

आणि आज हा मिस्त्री पाना घेऊन आला होता.

कल्याणराम मध्ये आडवा आला. कोर्टात ज्याच्या तोंडून शब्द फुटत नसे, त्यानं त्या पंपाचं वकीलपत्र घेतलं. म्हणाला, मदुरेची गाडी ड्रायव्हरच्या विडीनं पेटली नसेल कशावरून? पंपाला कुणी बाजू मांडू दिली का? इतकी वर्षं इमानानं चाकरी केलेल्याला एका थेंबावरून घराबाहेर काढायचं, हा कुठला न्याय? वकिलांच्या अंगणात शेजारी गोळा झाले. काका आ वासून बघत राहिले.

‘‘गाढवा, कोर्टात तोंड शिवून बसतोस,’’ ते म्हणाले, ‘‘आणि इथं लोखंडासाठी गळा काढतोस?’’

वेंकटरमणनं पंप सोडवला, लांब नेऊन त्यातले चार थेंब दगडावर पाडले आणि काडी लावली. भक्कन असा जाळ उठला की शेजारच्या नारळावरचा कावळा तिरुवैयारूपर्यंत न बसता उडत गेला म्हणतात. कल्याणरामचा युक्तिवाद तिथंच संपला.

दुसऱ्या दिवशी गाडी सुटली ती बाणासारखी. काका जागे राहिले, इतकंच नव्हे, मांडीवर ताल धरून गाऊ लागले. पापनाशम आलं. वैद्यनाथरावांचं दार आलं. सुंदरी कुडम घेऊन उभीच होती, हातात ओलं फडकं. थांबायचं तर काकांना कारण सांगायला हवं, आणि कारण तर वेंकटरमण पिशवीत घालून मद्रासला घेऊन गेला होता. गाडी सर्रकन पुढे गेली. आरशात सुंदरी लहान लहान होत गेली. ‘काय पळते रे!’ असं म्हणून काकांनी मागून त्याच्या खांद्यावर थाप मारली. कल्याणरामला ती धपाट्यासारखी लागली.

शुक्रवार उजाडला. पाहुणे यायचे म्हणून आईनं सुंदरीला दारात मोठा कोलम घालायला सांगितलं. सुंदरीनं मोठा घातला. रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, तांदळाच्या पिठाच्या रांगोळीचा, पांढरा शुभ्र, आणि इतका देखणा की बैलगाडीवाले खाली उतरून बैलांना शेतातून वळवून नेत होते.

कल्याणरामची गाडी वळणावरून धडाडत आली. पुढे कोलम. कोलमाच्या पलीकडे सुंदरी. टायर किंचाळले, धुरळा उडाला, काकांची पगडी पुढच्या सीटवर येऊन पडली. चाक कोलमाच्या पहिल्या रेघेपासून बोटभर अंतरावर थांबलं.

सुंदरी शांतपणे आली आणि तिनं ओलं फडकं बॉनेटवर घातलं.

‘‘अगो मुली, पंप नवा आहे,’’ काका पगडी शोधत म्हणाले. मग नीट बघून त्यांनी विचारलं, ‘‘कुणाची तू? गोत्र कुठलं तुमचं?’’

‘‘कौशिक,’’ कल्याणराम म्हणाला.

काकांनी पुतण्याकडे पाहिलं. फडक्याकडे पाहिलं. कोलमाकडे पाहिलं. उभ्या वकिलीत एवढ्या लवकर फुटलेला साक्षीदार त्यांनी बघितला नव्हता. ‘‘आपलं भारद्वाज. जमतं की,’’ असं पुटपुटत ते उतरले, पगडी नीट बसवली, कोलमाला वळसा घातला, आणि वैद्यनाथरावांच्या ओट्यावर चढून खणखणीत आवाजात आधी पेलाभर गरम कापी मागितली, मग मुलीची पत्रिका. वर ओरत्तनाडूला माणूस पाठवून पाहुण्यांना थोपवा, असंही सांगितलं.

कल्याणराम अजून स्टीअरिंगचं चाक घट्ट धरून बसला होता. सुंदरी खिडकीशी आली.

‘‘ब्रेक आहे म्हणायचा की गाडीला,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘सारा उन्हाळा मला वाटत होतं, कंपनी द्यायलाच विसरली.’’