माझा विषय सोडून

एम.एस्सी. फिजिक्सचं स्पेशलायझेशन निवडायचा शेवटचा दिवस उजाडला, तरी शास्त्रज्ञबाईंचा फॉर्म कोराच होता. (हे नाव घरच्यांनी ठेवलेलं, साधा फ्यूज बदलता येत नाही म्हणून.) जाणत्यांना विचारावं, असा विचार करून बाई विभागात गेल्या.

न्यूक्लिअरच्या सरांनी इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "पोरी, माझा विषय सोडून काहीही घे. आमच्या लॅबमधला किरणोत्सर्ग मोजायचा काउंटर मी विद्यार्थी होतो तेव्हापासून बंद आहे."

इलेक्ट्रॉनिक्सच्या मॅडम म्हणाल्या, "माझ्याकडे नको गं, शेजारच्या खोलीत बघ." शेजारच्या खोलीतल्या लेझरच्या सरांनी तर बाईंना बघताच हातच जोडले.

राहता राहिली खगोलभौतिकी. त्या खोलीला कुलूप होतं, सर वर्षभराच्या रजेवर. म्हणजे 'नको' म्हणायला तरी तिथे कुणी नव्हतं! बाईंनी डोळे मिटून तोच विषय लिहिला, फॉर्म खिडकीत सरकवला आणि एकदाच्या सुटल्या.

पहिल्या तासाला अख्ख्या वर्गात बाई एकट्याच. रजेवरच्या सरांचं जाडजूड पुस्तक काखोटीला मारून आत आले ते न्यूक्लिअरचे सर. बाईंना बघून त्यांनी कपाळावर हात मारला.



"अगं, काहीही घे म्हणालो होतो, पण हा कशाला घेतलास? आता तुला शिकवायचा म्हणजे आधी मला शिकावा लागणार!"