चौथा बाप

"तिन्ही पिक्चर खोटे हायेत," दिनकरराव म्हणाले, आणि संघप्रियाने तोंडाशी नेलेला चहा तसाच खाली ठेवला.

गोष्ट एकच, आजोबांच्या काळातल्या दिवाळी अंकातली. भांडून घर सोडलेला मुलगा ऐन लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दारात येऊन उभा राहतो. तिच्यावर तीन सिनेमे निघाले होते. काळ्यापांढऱ्यातला बाप ढसाढसा रडतो. रंगीतमधला आधी थोबाडीत ठेवून देतो, मग गळ्यात पडतो. अलीकडच्या तिसऱ्यातला तर चक्क भाषण ठोकतो. संघप्रियाने तिन्ही इतक्यांदा पाहिले होते, की झोपेतही संवाद म्हणून दाखवले असते. आता परभणीच्या स्पर्धेसाठी ती चौथा काढत होती, दहा मिनिटांचा, मोबाइलवर. उद्या दुपारपर्यंत पाठवायचा होता. राहिला होता फक्त शेवट, आणि तोच फसला तर सगळं मुसळ केरात.

"मग खरा बाप काय करंल, काका?"

"त्या येळंला जे सुचंल ते."

शूटिंग चाललं होतं ते पेडगावातलं घर दिनकररावांचंच. इथे ते एकटे राहत. त्यांचा मुलगा आदिनाथही आठ वर्षांपूर्वी असाच तणतणत गेला होता, म्हणून बापाच्या कामासाठी त्यांना विचारायची कोणाची छाती नव्हती. तेच आपणहून पुढे आले. "कापूस येचायला माणूस मिळंना आन् तुमी बाप हुडकायलाव!" असं म्हणून खाटेवर बैठक मारली होती त्यांनी.

त्यांच्या उत्तराने संघप्रियाच्या डोक्यात असा काही दिवा पेटला, की तिला नाचावंसं वाटलं. संवाद रद्द! तालीम रद्द! मुलाचं काम करणारा बालाजी नांदेडच्या नाटकातला. तिने स्वतःही त्याला फोनवरच ऐकलं होतं. दोघांची पहिली भेट थेट कॅमेऱ्यासमोर होऊ दे.

तिने लगेच त्याला फोन लावला. "दिवे लागले की सरळ दार ढकलून आत ये. कोणाशी एक शब्द बोलू नको."

"निघालोच, म्याडम."

मग शूटिंगचा मोबाइल तेवढा सोडून तिने सगळ्यांचे फोन बंद करायला लावले.

दिवे लागले. ओसरीवर पणत्या मांडून झाल्या. तिचा भाऊ सिद्धोधन कोपऱ्यात मोबाइलचा कॅमेरा लावून बसला. वेळ जाता जाईना. संघप्रियाची छाती इतकी धडधडत होती, की तो आवाजही सिनेमात येईल अशी तिला भीती वाटली.

दार करकरलं. दाढी वाढलेला एक माणूस चौकटीत उभा होता. चौकट बुटकी, दिवसभरात प्रत्येकाने तिथे कपाळ शेकून घेतलं होतं. हा मात्र नेमका वाकला. खांद्यावरची पिशवी त्याने न बघता दारामागच्या खुंटीला अडकवली. खुंटीचं तर त्याला कोणी सांगितलंही नव्हतं. नांदेडकर लय भारी निघाला, संघप्रिया मनात म्हणाली.

दिनकररावांनी वर पाहिलं. रडले नाहीत, हात उगारला नाही. खाटेवर थोडे सरकले आणि जागा केली.

"मागच्या रानातला कापूस येचायचा राह्यलाय," ते म्हणाले. "सकाळी लवकर उठ."

"व्हय," तो म्हणाला, आणि खाटेवर न बसता त्यांच्या पायाशी बसला. दिनकररावांचा हात त्याच्या डोक्यावर गेला.

"कट!" संघप्रिया ओरडली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. तिन्ही बाप एका फटक्यात मागे पडले! सिद्धोधनने तर जागच्या जागी उड्या मारल्या. खाटेपाशी मात्र कोणी हललं नाही.

"आजून कामातून भाइर न्हाई आले दोघं," सिद्धोधन कुजबुजला.

मैत्रिणींना कळवल्याशिवाय संघप्रियाला राहवेना. अंगणात पळत जाऊन तिने फोन चालू केला, तोच तो वाजला.

"म्याडम, रागावू नका," बालाजी म्हणाला. "आजून पिंगळीतच हाय, गाडीचं पंक्चर काढायलोय. म्या येईस्तोर शूटिंग सुरू करू नका."