मापाचा शंख

"राघो, ओढू नकोस. तुटेल, पण सुटणार नाही."

प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या तेजस्विनी मॅडम असं म्हणाल्या तेव्हा राघोने चिमटा खाली ठेवला. ओहोटीला डुमसच्या किनाऱ्यावरून आणलेला शंखातला खेकडा तो. याला स्वतःचं घर नसतंच. मेलेल्या गोगलगायीच्या शंखात बिऱ्हाड करायचं आणि ते पाठीवर घेऊन हिंडायचं. त्यातही याच्या शंखाला भोक पडलेलं. शेजारी चांगला धडधाकट शंख ठेवून दोन दिवस झाले, तरी हा आपला जुन्यातच. सुरतच्या या कॉलेजात प्रयोगशाळेचा शिपाई म्हणून राघोची अकरा वर्षं गेली होती. पण आज एवढ्याशा जिवाशी झगडायचंही त्राण त्याच्यात नव्हतं.

घरी तरी दुसरं काय चाललं होतं? पांडेसऱ्याची त्यांची झोपडी सोमवारी रस्तारुंदीत जाणार होती. भिंत आधीच कललेली. राघो आणि त्याची बायको स्वप्ना कतारगामच्या भाड्याच्या खोलीत राहायलाही गेले. स्वप्नाला सातवा महिना लागला होता. आई, पुष्पाबाई, मात्र एक दुपार त्या खोलीत काढून परत झोपडीत जाऊन बसली. रोज कामावरून सुटलं की तिची मनधरणी करायला जायचं आणि हात हलवत परत यायचं. काल तर त्याने तिला दंडाला धरून ओढलं. म्हातारीने चौकट सोडली नाही. त्याचा जीव अगदी विटून गेला होता.

"हट्टी जात आहे, मॅडम."

"हट्टी कसली? नवा शंख तीनदा नांग्यांनी आतून-बाहेरून चाचपून झालाय. आणि हा नाही, ही. या भोकातून बघ, पोटाला अंडी आहेत. एकटी मावेल नव्यात. अंड्यांसकट मावायची नाही."

राघो बराच वेळ त्या भोकातून बघत राहिला.

संध्याकाळी तो पांडेसऱ्याला गेला, पण आज त्याने आवाज चढवला नाही. आईजवळ जमिनीवरच बसला. त्याला लाज वाटत होती. इतके दिवस नुसता भांडलो, एकदा विचारलंसुद्धा नाही.

"आई, ती खोली तुला का नको?"

"नको कुठे म्हणते? चांगली आहे." पुष्पाबाईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "तुम्ही दोघं दवाखान्यात गेलात, तेव्हा वरच्या कडीला लुगड्याची झोळी बांधून बघितली मी. जागा तेवढीच. मी खाली निजले, की झोळी मला अडते, बाळाला झोका देता येत नाही."